आपला माणूस हाय की!

कोल्हापुरात काम कुठलंही सांगा, ते सांगून व्हायच्या आत उत्तर येतं, ‘आपला माणूस हाय की!’ भाच्यानं बोलोन्याहून फोन करून इटालियनमधून पोर्तुगीज करणारा, तोही कायद्याच्या कागदांचा, दुभाषी मागितला, तेव्हा मीसुद्धा सवयीनं तेच म्हणालो.

भानगड अशी. त्याची आई, म्हणजे आमची ताई, गोव्यातल्या पेडण्याची, कोल्हापुरात दिलेली. जन्म 19 डिसेंबर 1961च्या आधीचा, म्हणजे पोर्तुगीज अमदानीतला. त्या जोरावर तिचं नाव लिस्बनच्या दप्तरात चढलं, पाठोपाठ लेकाचं. आता लेकाचं लग्न चढवायचं राहिलं होतं, आणि लग्नाचा दाखला इटालियनमध्ये. ‘मामा, गोवा तुमच्या शेजारीच की!’

चहाच्या गाडीवर विषय काढला. एकानं राजारामपुरीतला पिझ्झेवाला सुचवला. हायकोर्टाचं सर्किट बेंच ऑगस्ट 2025 मध्ये आल्यापासून आमच्या वकीलमंडळींना काहीच अशक्य वाटत नाही. ‘चाळीस वर्षं भांडून बेंच आणलं, दुभाष्याचं काय घेऊन बसलाय?’ म्हणाले, आणि चहा माझ्या खात्यावर लिहायला सांगितला.

शेवटी पेडणं गाठलं. गोव्यात जुने दस्त पोर्तुगीजमध्ये, वारसाहक्काची मुळं 1867च्या पोर्तुगीज संहितेत. त्यामुळे ती भाषा वाचणारे अजून सापडतात. असे एक निवृत्त गृहस्थ भेटले. दाखला नाकाजवळ धरून म्हणाले, ‘हे इटालियन. त्यांचं राज्य आमच्यावर नव्हतं हो.’ स्वरात किंचित खंत होती.

परतीच्या गाडीत मला आमच्या कोल्हापूरचे राजाराम महाराज आठवले. इंग्लंडहून परतताना, 30 नोव्हेंबर 1870 रोजी, अवघ्या विशीत ते फ्लॉरेन्सला वारले. तिथं दहनाची रीतच नव्हती. तरी बरोबरच्या मंडळींनी खास परवानगी मिळवली आणि आर्नो-मुन्योनेच्या संगमावर अग्नी दिला. तिथं छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा आहे; जवळच्या पुलालाही लोक ‘इंडियानो’ म्हणतात. परक्या देशातल्या कचेरीतून, मोबाइल नसताना, तिथं कुणी न ऐकलेल्या विधीचा परवाना काढणारी ती माणसं! आणि इथं मी एका लग्नाच्या दाखल्यापुढं हात टेकलेले. विषय हार्ड.

तोडगा निघाला तो सूनबाईकडून. युरोपीय संघाच्या नियमानुसार फेब्रुवारी 2019 पासून अशा दाखल्यासोबत बहुभाषी नमुना मागता येतो. तो जोडला की सहसा अनुवाद लागत नाही. तिनं तिथल्या पालिकेच्या खिडकीवर तो मागितला. त्यांनी दिला. माणूस लागलाच नाही, हे चहाच्या गाडीवर अजून कुणी मान्य केलेलं नाही.

ताई मात्र वेगळ्याच घोरात आहे. लिस्बनला नाव चढलं म्हणजे इथल्या मतदारयादीतून उतरतं का? वकिलांचं त्यावर एकमत नाही. ताईला कायद्याशी देणंघेणं नाही. समोरच्या वहिनी महापालिकेला उभ्या राहणार आहेत, आणि त्यांना पाडायला एक मत कमी पडू नये, एवढंच तिचं म्हणणं आहे.