हॅलोजन काकाजी

काकाजी तुमच्याकडेही येत असतील. आत शिरताच त्यांची नजर माणसांवर नाही, छतावर जाते. मग खिशातून गोळ्यांची रिकामी पट्टी निघते. ती दिव्याखाली धरायची, डोळे बारीक करून मागची एक्स्पायरी वाचायची आणि वाचता आली नाही की निकाल द्यायचा, "उजेड कमी पडते जी तुमच्या घरी."

आमच्या वर्ध्यातल्या रामनगरात ही पट्टी साक्षगंधात निघाली, लग्नाच्या हॉलमध्ये निघाली. एकदा तेरवीच्या जेवणातही निघाली आणि यजमानाने डोळे पुसत पुसत एक जास्तीचा बल्ब लावला.

पुण्याच्या पाहुण्यांना काकाजींनी सेवाग्राम दाखवलं. बापूकुटी, मातीच्या भिंती, कौलांखालची सावली. पाहुणे हात जोडून उभे आणि यांचा हात खिशाकडे! "दोन स्पॉट मारले असते तर..." मी त्यांना घाईने मगन संग्रहालयात आणलं. १९३८ साली गांधीजींच्या हस्ते सुरू झालेलं. खेड्यातल्या माणसाला रॉकेल विकत आणावं लागू नये म्हणून कुमारप्पांच्या ग्रामोद्योग संघाने वनस्पती तेलावर जळणारा मगनदीप काढला होता, असं मी सांगत होतो. काकाजींनी एकच विचारलं, "किती वॅटचा?"

मग त्यांनी हॉलला पीओपी केलं. उजेड पांढराशुभ्रच हवा होता आणि कोणीतरी हॅलोजन सुचवलं. दुकानदार खरं बोलणारा निघाला. "काकाजी, हॅलोजन म्हणजे जुन्याच बल्बचा शिकलेला पोरगा. तार तीच, टंगस्टनची. बल्ब २७०० केल्विनचा, हा ३००० चा. पांढरं पाहिजे तर ६५०० चा एलईडी न्या." पण काकाजी वॅट वाचत होते. एलईडी ७, हॅलोजन ५०. सातात काय उजेड येणार? आठ हॅलोजन आले.

बसवायला आलेला इलेक्ट्रिशियन तर्री-पोहे खाऊन आला होता. आतल्या काचेला बोटाचं तेल लागलं की दिवा लवकर जातो, हे काकाजींना पक्कं ठाऊक. त्यांनी त्याला साबणाने हात धुवायला लावले, वास घेतला, पुन्हा धुवायला लावले. तिसऱ्यांदा तो नळाकडे न जाता गाडीकडे गेला. दिवे काकाजींनीच हातरुमालात धरून बसवले.

वर्ध्याचा मे महिना, पारा ४५ च्या वर आणि डोक्यावर ४०० वॅट. काकू पाइपने कूलर भरायच्या, हॅलोजन तो आटवायचे. या दिव्यांची चकचकीत वाटी उजेड खाली फेकते आणि बरीचशी उष्णता मागे सोडते. पावसाळ्याआधीच पीओपीवर आठ तपकिरी चकत्या उमटल्या. पट्टी मात्र वाचता येईना. "कंपन्या बारीक छापते आजकाल," असं काकाजींचं म्हणणं.

शेवटी काकूंनीच ओळखलं. पांढरी साडी नेसून त्या लग्नाला निघाल्या, तर काकाजी म्हणाले, "हे पिवळी बरी दिसते." सेवाग्रामच्या दवाखान्यात दाखवलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डोळ्यातलं भिंगच पिवळं पडलं की ६५०० चा दिवा तरी काय करणार?

गल्लीला हसायला विषय मिळाला. मीही हसलो असतो. पण मागच्या पावसाळ्यात त्यांनी टोकाच्या घरातल्या आजींच्या पायरीवर स्वतःच्या मीटरवरून वायर ओढून दिवा लावला होता. "पडाल जी." बिल अजून तेच भरतात. तेव्हा आम्ही म्हटलं, लागलं याचं उजेडाचं वेड. माणसाला स्वतःला पायरी दिसत नव्हती आणि कोणालाच दिसत नसेल म्हणून तो गल्लीभर दिवे सुचवत फिरत होता. हे एवढ्या लोकांत एकाच्याही ध्यानात येऊ नये!

ऑपरेशननंतर डोळ्याची पट्टी निघाली त्या संध्याकाळी मी तिथेच होतो. काकाजींनी छत पाहिलं, चकत्या पाहिल्या, आणि मग चहा घेऊन आलेल्या काकूंकडे पाहतच राहिले.

"तुझे केस इतके पांढरे कधी झाले?"

काकूंनी कप ठेवला. "चारशे वॅट जाळले, तेव्हा नाही दिसले तुम्हाले?"