आजी पाहिजेत

पुण्यात सध्या आज्यांना भलतीच मागणी आहे. साधी आजी नव्हे. गोधडी शिवणारी, जमल्यास नऊवारीतली आणि फोटो काढताना कॅमेऱ्याकडे न बघणारी. घरात अशी आजी असली की फॅशन डिझाइनचा निम्मा प्रवेश झालाच, असं पोर्टफोलिओचे क्लासवाले सर सांगतात. ज्यांच्याकडे नाही, त्यांनी आपापली सोय बघावी.

आमच्या सोसायटीतल्या एका मुलीची आजी बँकेतून हेड कॅशियर म्हणून निवृत्त झालेली. उभा जन्म नोटा मोजण्यात गेला, सुई हातात आली ती तुटलेलं बटण लावण्यापुरती. घरात पांघरायला सोलापुरी चादरी. पण पोर्टफोलिओच्या पहिल्या पानावर ‘माझी प्रेरणा’ लागते आणि प्रेरणेच्या खात्यात सोलापुरी चादर जमा होत नाही. मग हस्तकला प्रदर्शनातून गोधडी विकत आणली, शेजारून इरकल मागितली, आजींना खिडकीपाशी उजेडात बसवलं.

“अगं, पण ही मी शिवली कधी?”

“आजी, ते नॅरेटिव्ह आहे.”

आजींनी चष्मा पुसला, गोधडी उलटून पाहिली आणि म्हणाल्या, “टाके मशीनचे आहेत.” हे वाक्य पोर्टफोलिओत आलेलं नाही.

खरं तर बाहेरची नावाजलेली कॉलेजं मागतात ते अगदी साधं असतं. लंडनचं सेंट्रल सेंट मार्टिन्स घ्या किंवा न्यूयॉर्कचं पार्सन्स. सुबक चित्रं कमी असली तरी चालतील, पण विचार कसकसा होत गेला ते दाखवा, म्हणतात. स्केचबुकं दाखवा, कापडाशी केलेली झटापट दाखवा, फसलेलंही दाखवा. पार्सन्स तर जेमतेम आठ ते बारा चित्रं मागतं. आता कोणी मागितलेली वस्तू पुरवायला आपण कधी कमी पडलोय? प्रामाणिकपणा हवाय ना? मिळेल. दोन हप्त्यांत.

क्लासमध्ये शनिवारच्या बॅचला ‘प्रोसेस’ शिकवतात. आधी शेवटचं, पक्कं रेखाटन करून घेतात. मग त्याच्या आधीच्या चुका काढायला बसवतात. पान सातवर मुंढा चुकतो. पान आठवर तो चुकल्याचं विद्यार्थ्याच्या ध्यानात येतं. पान नऊच्या समासात पेन्सिलीने फिकट “का?” लिहायचं. चहाच्या कपाचा गोल डाग सर स्वतः करून दाखवतात: बशीत थोडा चहा ओतायचा, कपाचं बूड त्यात टेकवायचं, मग कागदावर. दूध बेताचं घालायचं, नाहीतर डाग उठून दिसत नाही. गेल्या वर्षी एका मुलाच्या स्केचबुकावर खरोखरच चहा सांडला. पान गिचमिड झालं म्हणून त्याला ते पुन्हा करायला लावलं.

आमच्या वेळी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट होत्या. कला संचालनालयाच्या त्या परीक्षांत स्मरणचित्राला आम्ही सगळे एकच भाजीबाजार काढायचो. डावीकडे छत्रीखाली भाजीवाली, उजवीकडे पिशवी घेतलेला पाठमोरा माणूस. पाठमोरा, कारण चेहरा येत नसे. घोकंपट्टीच ती, पण उजळ माथ्याने केलेली. तिला ‘आत्मशोध’ म्हणायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

फॅशनच्या चित्रातली बाई निराळीच. हाडामांसाचा माणूस साधारण साडेसात डोक्यांएवढा उंच भरतो, ही नऊ डोक्यांची. वाढीव उंची बहुतेक पायांत. मुलीच्या वडिलांनी ते चित्र बराच वेळ न्याहाळलं आणि विचारलं, “हिच्या सलवारीला कापड किती लागेल?” सरांना प्रश्न अप्रस्तुत वाटला. माझ्या मते त्या खोलीत वर्षभरात कापडाबद्दल विचारला गेलेला तो एकमेव प्रश्न असावा.

यातली खरी मौज पुढेच आहे. सरकारी निफ्ट, म्हणजे 1986 साली दिल्लीत निघालेली आणि आपल्याकडे खारघरला असलेली, तिच्या बी. डिझाइनच्या प्रवेशाला पोर्टफोलिओ लागतच नाही. चित्रकल्पकतेची परीक्षा असते, सामान्य क्षमतेची असते आणि पुढे सिच्युएशन टेस्ट. समोर साहित्य ठेवतात, विषय देतात आणि ठरल्या वेळात हाताने काहीतरी उभं करायला सांगतात. तिथे आजी आत नेता येत नाही. हे पालकांना सांगितलंत का, असं सरांना विचारलं. “असावा एक हाताशी,” ते म्हणाले.

मी भानू अथैयांचा विषय काढला. कोल्हापुरात वाढलेल्या, जे. जे.मध्ये शिकलेल्या. सिनेमात येण्याआधी मुंबईच्या इंग्रजी मासिकांसाठी फॅशनची चित्रं काढत. म्हणजे छापून आलेला अंक हाच पोर्टफोलिओ, आणि चहाचे डाग पाडायचे तर वाचकांनी. पुढे ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी 1983 मध्ये जॉन मोलोबरोबर ऑस्कर, तेही भारतातलं पहिलं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. “काम उत्तम आहे, पण संघर्ष दिसत नाही. वडील चित्रकार होते ना? ते मागे ढकला, पान पाचवर. आधी एक वाकळ टाका. कोल्हापूरकडे गोधडीला वाकळ म्हणतात, तेवढंच वेगळं वाटेल.”

क्लाससमोर रस्त्यापलीकडे लेडीज टेलरचं दुकान आहे. काकांच्या बिलबुकात प्रत्येक पावतीला ब्लाउजपीसचा तुकडा टाचलेला, खाली मापं, कोपऱ्यात दोन रेघांत गळ्याचा आकार आणि शेजारी शेरे: “बाही घट्ट नको, दंड सुजतो.” “मागचा गळा बेताचा, सासूबाई येणार आहेत.” अशी बिलबुकं पोटमाळ्यापर्यंत रचलेली. एकेका बाईचं अंग वर्षागणिक कसं बदललं ते त्यात सापडतं. काकांना स्केचबुक हा शब्द ठाऊक नाही आणि सरांना मुंढा कुठून कापायला घेतात ते ठाऊक नाही, त्यामुळे दोघांचं छान जमतं. क्लासची सगळी शिलाई काकांकडेच असते.

आमच्या सोसायटीतल्या त्या मुलीचा ‘स्वतः शिवलेला’ जॅकेटचा नमुनाही तिथेच टाकला होता. आधी मांजरपाटावर, मग खणाच्या कापडात. मंगळवारी मिळाला, गुरुवारी सरांनी परत पाठवला. फिटिंग फार नीट आलंय, म्हणाले, अठरा वर्षांच्या पोरीचं वाटत नाही. डावी बाही जरा उसवून तिरकी बसवून आणा. मुलीची आई जॅकेट घेऊन पुन्हा दुकानात गेली. काकांनी ते झटकून पाहिलं, पावतीपुस्तक पुढे ओढलं आणि म्हणाले, “ताई, बिघडवायचे दीडशे वेगळे पडतील. आणि शनिवारच्या आत जमणार नाही. तुमच्या आधी त्या क्लासची अकरा बिघडवायची आहेत.”