पंख्याच्या ओरडण्याबद्दल तक्रार

नंदुरबारला एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि टेबलाखालचा कॉम्प्युटर ओरडायला लागतो. फोनवरचा माणूस काय म्हणतो ते ऐकू येत नाही. शिष्यवृत्तीचा फॉर्म अर्धा भरून होतो आणि मशीन आपोआप बंद पडते. दुरुस्तीवाला ब्लोअर मारतो, पेस्ट बदलतो आणि कॅबिनेटचे झाकण उघडेच ठेवा म्हणतो. उघड्या कॅबिनेटमध्ये धूळ बसते. मिरचीच्या हंगामात मिरच्या वाळवायच्या पथारींवरून उडणारी लाल भुकटीही बसते. मग पंखा आणखी ओरडतो.

या त्रासावरचा उपाय वीस वर्षांपूर्वीच तयार झाला होता आणि तो बाजाराने टाकून दिला, याचा मला मनापासून राग येतो.

मदरबोर्ड केवढा असावा, स्क्रूची भोके कुठे असावीत, हे ठरवणारी एटीएक्स मांडणी इंटेलने १९९५ साली आणली. तेव्हाचे प्रोसेसर दहा-पंधरा वॅटचे होते. २००४ साली पेंटियम फोरची प्रेस्कॉट जात आली ती शंभर वॅटच्या पुढे गेली. एटीएक्समध्ये प्रोसेसर वर, मागच्या बाजूला असतो. समोरून येणारी हवा हार्डडिस्क आणि वायरींमधून वाट काढत, तापतच त्याच्यापर्यंत पोचते.

इंटेलने २००३ साली जाहीर केलेल्या बीटीएक्स मांडणीने हे बदलले. प्रोसेसर थेट समोरच्या जाळीमागे आला आणि त्याच्यापुढे एक मोठा पंखा बसला. हवा सरळ रेषेत आधी प्रोसेसरवरून, मग चिपसेट आणि ग्राफिक्स कार्डवरून मागे निघून जाई. मोठा पंखा सावकाश फिरला तरी पुरतो, त्यामुळे आवाजही कमी. जड हीटसिंकचे वजन पेलायला बोर्डाखाली वेगळी पोलादी पट्टी होती. इतका विचार करून केलेले काम होते हे.

पण बीटीएक्स घ्यायचे तर बोर्ड, कॅबिनेट आणि हीटसिंक एकदमच बदलावे लागत. डेलसारख्या कंपन्या सगळे मशीन स्वतःच जुळवतात, त्यांनी ते वापरले. असेंबल करणाऱ्या दुकानदाराकडे मात्र एटीएक्स कॅबिनेटची थप्पी पडलेली, ती तो कुणाला विकणार? बोर्ड बाजारात नाहीत म्हणून कॅबिनेटवाले थांबले, कॅबिनेट नाहीत म्हणून बोर्डवाले. तेवढ्यात एटीएक्सच्या बाजूच्या पत्र्याला भोक पाडून प्रोसेसरवर प्लास्टिकचे नळकांडे सोडण्याची युक्ती आली. फुटकळ खर्चात अर्धे काम भागले. इंटेलची स्पर्धक असलेल्या एएमडीच्या नव्या प्रोसेसरांना रॅम अगदी जवळ हवी होती. तिथेही बीटीएक्सची मांडणी गैरसोयीची ठरली.

शेवटी जुलै २००६मध्ये इंटेलचा ६५ वॅटचा कोअर टू ड्युओ प्रोसेसर आला. इंटेलला बीटीएक्सची गरज उरली नाही आणि दोनच महिन्यांनी बीटीएक्स बोर्डांचे काम थांबवत असल्याचे तिने सांगितले. आमच्या खोल्या मात्र तितक्याच तापत राहिल्या. त्या काळच्या इंटेलच्या मार्गदर्शनात खोलीचे तापमान ३५ अंश आणि प्रोसेसरच्या पंख्यापाशी हवा जास्तीत जास्त ३८ अंश धरली होती. आमच्याकडे पत्र्याखालच्या दुकानात दुपारी खोलीच ३८च्या वर जाते.

कॉम्प्युटर ही आता हौसेची बाब राहिलेली नाही. देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आमच्याच जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात, टेंभलीत दिले गेले. तेव्हापासून रेशन, शिष्यवृत्ती, सातबारा हे सगळे कॉम्प्युटरवर आले आहे. अक्कलकुव्याहून भाडे खर्चून आलेल्या माणसाला मशीन तापल्यामुळे उद्या या म्हणायचे, हे मला बरोबर वाटत नाही.

यावर तोडगा म्हणून ऑफिसातून निघालेली जुनी बीटीएक्स मशीन स्वस्तात मिळत. पण बोर्ड गेला की त्या कॅबिनेटमध्ये दुसरा कुठलाच बसत नाही. चांगला जाड पत्रा भंगारात जातो.

२०२२ साली आलेला इंटेलचा एक प्रोसेसर कमाल २५३ वॅट खातो आणि तोही १९९५च्याच एटीएक्स मांडणीत बसतो. शाळा, ग्रामपंचायती आणि सेवा केंद्रांसाठी खरेदी करणाऱ्यांना विनंती आहे: निविदेत रॅम आणि हार्डडिस्कचे आकडे लिहिता, त्यांच्याच खाली ४५ अंशांच्या खोलीत दिवसभर पूर्ण भारावर चालून दाखवण्याची अट लिहा.