४८० हप्त्यांचं यान

आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसची एक वही आहे. नाव, फ्लॅट, वेळ आणि कारण असे चार रकाने. कारणाच्या रकान्यात बारसं, डोहाळजेवण, साठीशांत, झुंबा असं काहीबाही असतं. शनिवारी संध्याकाळी पाच ते दहा या वेळेपुढे मास्तरांनी पहिल्यांदा लिहिलं होतं, 'आकाशगंगेचं रक्षण'. सेक्रेटरींनी ते खोडून 'खाजगी' असं केलं आणि खातरजमा करायला जातीनं खाली आले. बघतात तर टेबलाभोवती पाच माणसं, मधे फासे आणि प्रत्येकापुढे नोटांची चळत.

नोटा मास्तरांच्या मुलाच्या 'व्यापार'मधल्या होत्या आणि फासे लुडोचे. पण सेक्रेटरींनी चौकशी सुरू केलीच.

"पैसे लावून?"

"छे हो."

"मग जिंकतं कोण?"

"तसं कुणी नाही."

"हरतं?"

"तेही नाही म्हणता येणार."

"मग पाच तास करता काय?"

"बोलतो."

सेक्रेटरींना हे जुगारापेक्षाही संशयास्पद वाटलं. ठाण्याच्या कोलशेतला माणसं पाच तास बोलतात ती फक्त वार्षिक सभेत, आणि त्यातून काय निष्पन्न होतं ते त्यांना ठाऊक होतं. तेव्हापासून मास्तर वहीत 'सांस्कृतिक' लिहितात.

मास्तर हे त्यांचं आडनाव नव्हे, पेशाही नव्हे. पेशाने ते भिवंडीच्या गोदामांत माल चढवणं-उतरवणं बघतात. आठवड्यातले सहा दिवस बाळकूम ओलांडून कशेळीच्या पुलावरून जायचं, ई-वे बिलं तपासायची, माणकोलीला अडकलेल्या ट्रकवाल्याला फोनवरून धीर द्यायचा आणि परत यायचं. सातव्या दिवशी मात्र ते साम्राज्यं उभी करतात. हा खेळ असा की एक जण जग सांगतो, बाकीचे त्या जगातलं एकेक पात्र होतात. तो म्हणतो, "दार उघडलं, आत अंधार आहे. तुम्ही काय करता?" आणि तुम्ही काय करता यावर पुढचं सगळं ठरतं. जग सांगणारा तो गेम मास्टर. आमच्याकडे त्याचा मास्तर व्हायला एक चहासुद्धा लागला नाही.

या खेळाची पहिली छापील पेटी अमेरिकेत १९७४ साली आली, 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. तळघरं, राक्षस, जादूगार. मास्तरांना त्यात रस नाही. त्यांचं दैवत 'ट्रॅव्हलर', १९७७ सालचं. त्यात तलवारीऐवजी यान, गुहेऐवजी ग्रह, आणि दोन साध्या सहा बाजूंच्या फाशांवर सगळा कारभार. आठ किंवा जास्त पडले की काम झालं. आमच्यातल्या सीएबाईंनी पहिल्याच दिवशी हिशेब मांडला, की ३६ पैकी १५ वेळाच आठ किंवा त्याहून वर दान पडतं. म्हणजे अंगी काही कसब नसेल तर माणूस निम्म्याहून जास्त वेळा तोंडावर आपटणार. "वास्तववादी आहे," त्या म्हणाल्या आणि खेळायला बसल्या.

मास्तरांच्या वडिलांना मात्र सुरुवातीला भलताच आनंद झाला होता. मुलगा 'स्पेस ऑपेरा' करतो एवढंच त्यांच्या कानावर आलं. ऑपेरा म्हणजे संगीत नाटक, स्पेस म्हणजे अवकाश, तेव्हा पोरगं शेवटी वळणावर आलं असं समजून त्यांनी विचारलं, "प्रयोग कुठे? घाणेकरला की गडकरीला?" मास्तरांनी खुलासा केला, की हा शब्द १९४१ साली विल्सन टकर नावाच्या विज्ञानकथावाल्याने चक्क शिवी म्हणून काढलेला आहे, रटाळ, घासूनपुसून गुळगुळीत झालेल्या अंतराळकथांसाठी. त्या शिवीचं पुढे बिरूद झालं. वडील म्हणाले, "बरं, पण नांदी कधी असते?"

दुसरा कुणी असता तर हसून सोडून देता. मास्तर सोडत नाहीत, हीच तर त्यांची खोड. पुढच्या शनिवारपासून नांदी सुरू झाली. मागच्या खेपेला काय घडलं ते मास्तर दोन मिनिटांत, उभे राहून, हात जोडून सांगतात. सांगून झालं की लगेच, श्वासही न घेता, "यानाला आग लागलीय, काय करता?" खेळाडूंना सरबत-वेफर्सवर जम बसवायला वेळ द्यायचा नाही, हे त्यांचं तत्त्व. त्यांचं लहानपण आजीबरोबर कीर्तनं ऐकण्यात गेलं. पूर्वरंगात श्रोता पेंगायला लागला की बुवा उत्तररंगाची वाट बघत नाहीत, मधेच एखादा दृष्टान्त ठेवून देतात, हे त्यांनी तिथे पाहिलेलं. फरक एवढाच, की बुवांच्या आख्यानात श्रोता उठून 'मी रावणाशी तह करतो' म्हणत नाही. मास्तरांच्या आख्यानात दर शनिवारी कुणीतरी म्हणतंच.

आमचे दातांचे डॉक्टर तर खेळ सुरू होण्याआधीच वारले. 'ट्रॅव्हलर'च्या मूळ नियमांत पात्र घडवतानाच त्याचं पूर्वायुष्य फाशांवर ठरतं; नौदलात गेला, बढती मिळाली, नाही मिळाली, आणि दान वाईट पडलं तर तिथेच कामी आला. डॉक्टर लागोपाठ दोनदा कामी आले. दोन्ही वेळा मास्तरांनी गंभीर चेहऱ्याने दोन ओळींचा शोकसंदेश वाचला. तिसऱ्यांदा जगले तेव्हापासून ते जे दिसेल त्यावर गोळी झाडतात. गेल्या दोन जन्मांचा राग आहे, असं मास्तरीणबाईंचं मत.

पहिले दोन-तीन शनिवार खेळ काही पेटला नव्हता, हे सांगायला हरकत नाही. मास्तरांनी फुलस्केप वहीत ४० पानं साम्राज्याचा इतिहास लिहून आणला होता. राजघराणी, तह, वंशावळ. ते वाचून दाखवत असताना डॉक्टरांनी फोनवर दोन अपॉइंटमेंटा घेतल्या. मग मास्तरांनी वही मिटली आणि सहज म्हणावं तसं म्हणाले, "एक राहिलंच. तुमचं यान कर्जावर आहे."

टेबलावर जीव आला. कोलशेत रोडवर दुतर्फा टॉवर आहेत आणि त्यांतल्या दर दिव्यामागे एक हप्ता आहे. नियम मास्तरांनी बनवलेला नव्हता, तो खरोखर मूळ पुस्तकातलाच: किमतीच्या २० टक्के रोख, बाकीसाठी दरमहा किमतीचा २४०वा भाग, असे ४८० महिने. सीएबाईंनी पेन काढलं. "म्हणजे ४० वर्षांत दुप्पट किंमत, वर डाउन पेमेंट वेगळं. हे दामदुपटीच्याही पलीकडे गेलं. साम्राज्यात कोर्ट आहे का?" वंशावळ कुणाला आठवत नव्हती, पण फोरक्लोजर चार्जेसवर आम्ही त्या दिवशी पाऊण तास घासाघीस केली. तेव्हापासून आम्ही जीव तोडून माल वाहतो, चाचे आले की पळतो, राजकन्या वाचवायची असली तर आधी भाडं ठरवतो. ४० पानं मास्तरांनी बाजूला ठेवली ती ठेवलीच. आता तयारी म्हणून ते एका पोस्टकार्डाएवढ्या कागदावर तीन माणसं लिहून आणतात: कोण, त्याला काय हवंय, आणि आपण काहीच केलं नाही तर तो पुढच्या आठवड्यात काय करील. बाकी सगळं आम्ही बोलू तसं.

बोलू तसं म्हणजे ऐनवेळी नावं लागतात. ग्रहावरच्या चहावाल्याचं नाव काय, असं कुणीतरी विचारतंच, आणि नाव सांगायला मास्तर क्षणभर अडखळले तर भ्रम मोडतो. त्यांनी यावर टीएमटीचा तोडगा काढला. खिडकीबाहेर बघत घोडबंदर रोड परिसरातल्या बसथांब्यांची यादी मनात फिरवायची. त्यामुळे आमच्या आकाशगंगेत ढोकाळी नावाचा लघुग्रह आहे, सम्राज्ञी कासारवडवली आहे, ओवळा नावाचा भाडोत्री मारेकरी आहे, आणि सर्वांत घाबरवणारी परग्रहवासी जमात म्हणजे गायमुख. दिसायला कसे, हे मास्तरांनी कधीच सांगितलं नाही. गरज पडली नाही.

मूळ खेळातच एक अट अशी आहे, की यानाची एक झेप, जवळची असो की लांबची, साधारण आठवडाभर चालते. आणि बातमी यानापेक्षा वेगाने जात नाही. बाहेरच्यांना हे पटवून द्यावं लागत असेल. शुक्रवारी संध्याकाळी कापूरबावडीहून निघालेल्या माणसाला लागत नाही. पण याच अटीने मास्तरांची एकदा अब्रू वाचवली. त्यांनी महिनाभर खपून जकातनाक्यांवर जगणारं एक दुष्ट संस्थान रचलं होतं. ऐन रंगात, १४ ऑक्टोबर २०२४च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवरचा टोल सरकारने हलक्या गाड्यांना माफ केला. त्या शनिवारी डॉक्टर आले तेच विजयी मुद्रेने. "मास्तर, आता कसला टोल?" मास्तर शांतपणे म्हणाले, "बातमी घेऊन येणारं यान अजून वाटेत आहे." डॉक्टर काही बोलणार तोच भिवंडीचा अनुभव बोलला: "आणि माफी हलक्या वाहनांना. तुमचं अवजडमध्ये येतं. पैसे काढा."

मास्तर कधीही 'नाही' म्हणत नाहीत. दान फसलं तरी 'जमलं नाही' असं सांगत नाहीत, "जमलं, पण..." असं म्हणून थांबतात. कुलूप उघडलं, पण किल्ली आत तुटली. इंजिन सुरू झालं, पण ज्याला झोपवून ठेवलं होतं तो जागा झाला. खेळ अडत नाही, संकट मात्र वाढतं. ही सवय घरातही शिरली आहे. "दूध आणलंस का?" "आणलं, पण..." एवढं ऐकलं की मास्तरीणबाई स्वतः चप्पल घालतात. त्या खेळत नाहीत. चहा आणि समीक्षा दोन्ही कडक देतात. "काल तुझा खलनायक तुझ्या साहेबांसारखा बोलत होता," असं एकदा म्हणाल्या. पुढच्या वेळी खलनायकाला मास्तरांनी बढती देऊन दुसऱ्या ग्रहावर पाठवला.

टेबलावर अकरावीतली एक मुलगी आहे. वैमानिक. पहिले दोन महिने तिने फासे टाकण्यापलीकडे तोंड उघडलं नाही. मास्तरांनी तिला कधी 'बोल ना' म्हटलं नाही. एकदा, डॉक्टर आणि सीएबाई कर्जावरून भांडत असताना, हळूच तिच्याकडे वळून विचारलं, "तुझ्या खिडकीतून काय दिसतंय?" ती म्हणाली, "खाडी. भरती आलीय. पाणी काळं आहे आणि त्यात जुन्या टॉवरांचे वरचे मजले दिसतायत." दोघांचं भांडण थांबलं. त्या ग्रहावर आम्ही सहा शनिवार होतो. डासही होते, ते मास्तरांनी आपल्या पदरचे घातले.

पण मास्तरांची खरी परीक्षा घेतली ती बी विंगमधल्या काकांनी. काका ७४ वर्षांचे. तारुण्य रंग-रसायनांच्या कारखान्यात गेलं, याच भागातल्या. तेव्हा इथे भातशेती, रेतीबंदर, हवाई दलाचा तळ आणि कारखान्यांचे भोंगे एवढंच होतं, असं ते सांगतात. ते आले चहाला आणि एक खुर्ची रिकामी होती. मास्तरांनी त्यांना फासे दिले. "मी कोण?" काकांनी विचारलं. "तुम्हीच सांगा." काका म्हणाले, "युनियनचा माणूस."

त्या शनिवारी महायुद्ध होतं. मास्तरांनी अपवाद म्हणून तीन आठवडे तयारी केली होती. पुठ्ठ्याची याने कापली होती, गायमुखांचं महाकाय लढाऊ जहाज इडलीपात्राच्या झाकणाचं केलं होतं. डॉक्टर हात चोळत होते. काकांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "या एवढ्या मोठ्या जहाजाच्या इंजिनखोलीत कामाला किती माणसं?"

मास्तरांनी अंदाजाने सांगितलं, "चार हजार."

"कायम किती, कंत्राटी किती?"

मास्तरांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकत गेलेलं मी बघितलं. तीन आठवडे, पुठ्ठा, फेव्हिकॉल, इडलीपात्र. या जागी भलेभले मास्तर मोडतात. 'गायमुखांत युनियन नसते' असं एक वाक्य पुरलं असतं. मास्तरांनी चहाचा घोट घेतला.

"कायम सहाशे. बाकी कंत्राटी."

"ओव्हरटाइम?"

"सहा महिन्यांचा थकलाय."

काका खुर्चीत पुढे सरकले. "मग मी पाळी सुटायच्या वेळेला गेट मीटिंग घेतो."

"फासे टाका," मास्तर म्हणाले. अकरा पडले.

त्यानंतर अडीच तास एकही गोळी सुटली नाही. काकांनी मागण्यांचं निवेदन तोंडी घडवलं, सीएबाईंनी थकबाकीचा तक्ता केला, अकरावीतल्या मुलीने जहाजाच्या ध्वनिक्षेपकावर ताबा मिळवला, आणि डॉक्टर, ज्यांना आयुष्यात कुणी घोषणा द्यायला सांगितलं नव्हतं, ते उभे राहून इतक्या जोरात ओरडले की वॉचमन धावत आला. मास्तर एकटे चार हजार गायमुख झाले होते. आधी घाबरलेले, मग कुजबुजणारे, मग एकेक करून पाना खाली ठेवणारे. इडलीपात्राचं झाकण जागच्या जागी थंड पडलं. गायमुख सेनापती बोलणी करायला आला तेव्हा काकांनी त्याला आधी बाहेर बसवून ठेवलं. "जरा थांबू दे," ते म्हणाले. "आम्हाला थांबवायचे."

दहाला क्लबहाऊसचे दिवे बंद होतात. उरलेला करार आम्ही पार्किंगमध्ये, कुणाच्या तरी स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून पुरा केला. मास्तर पुठ्ठ्याची याने पिशवीत भरत होते. एकही वापरलं गेलं नव्हतं. त्यांचा घसा बसला होता आणि ते लग्नघरातल्यासारखे खूश दिसत होते.

काका लिफ्टकडे निघाले, मग मागे वळले. "त्या यानाचे हप्ते किती राहिले म्हणालात?"

सीएबाईंना वही उघडावी लागली नाही. "४७१."

काकांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "एकोणचाळीस वर्षं तीन महिने."

"हो."

"मग पुढच्या शनिवारी जरा लवकर ठेवा," काका म्हणाले. "साडेचारला."