समजा, वर्षाच्या तासिका क्ष मानू

अभिनंदन. नववी 'क'चं बीजगणित तुमच्याकडे आलं आहे. जे कुणालाच नको होतं ते नव्या माणसाला देतात, हे मनाला लावून घेऊ नका; मलाही असंच मिळालं होतं. सोमवारी मुख्याध्यापकांच्या टेबलावर वार्षिक नियोजन पोचलं पाहिजे. ते कसं करायचं हे बी.एड.ला शिकवतात, पण शाळेत चालतं ते वेगळं. इथे प्रत्येक जण गेल्या वर्षीचं बघून करतो, आणि गेल्या वर्षीचं त्याच्या गेल्या वर्षीचं बघून झालेलं असतं. ही परंपरा मोडू नका. फक्त खालच्या पायऱ्या क्रमानं करा, म्हणजे आपण काय करतोय हे तुम्हाला तरी कळेल.

१. आधी वही घ्या, मग पुस्तक.

दोनशे पानी, खाकी कव्हरची. पट्टीनं सात रकाने आखा : महिना, घटक, उपघटक, तासिका, शैक्षणिक साहित्य, मूल्यमापन, शेरा. मथळे लाल शाईनं, मजकूर निळ्या. नियोजन वाचलं जात नाही, बघितलं जातं. तेव्हा रेघ वाकडी गेली तर पान फाडून पुन्हा आखा. घटक चुकला तर चालेल.

मग बालभारतीचं 'गणित भाग १' उघडा. संच, वास्तव संख्या, बहुपदी, गुणोत्तर व प्रमाण, दोन चलांतील रेषीय समीकरणे, अर्थनियोजन, सांख्यिकी. सात प्रकरणं. अनुक्रमणिका उतरवून काढली की नियोजनाचं निम्मं काम झालं. पुस्तक मिटून ठेवा. ते पुन्हा वर्गात लागेल, तेही एखाद्या मुलाकडूनच मागून घ्यायचं असतं.

२. तासिका मोजा, आणि थांबायचं कुठे ते ओळखा.

पहिलं सत्र जूनच्या मध्यापासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत. अठरा आठवडे, आठवड्याला बीजगणिताच्या तीन तासिका, म्हणजे ५४. चार सणावारांत गेल्या असं धरा. राहिल्या ५०. हा आकडा वहीत लिहा आणि इथेच थांबा. अनुभवी शिक्षक इथेच थांबतात.

तुम्ही नवे आहात, त्यामुळे थांबणार नाही. मग करा वजाबाकी. शाळा सुरू झाल्यावर पहिले दोन आठवडे 'कच्चं वेळापत्रक' असतं. कच्च्या वेळापत्रकात कोण कुठल्या वर्गावर जाईल ते शिपायालाही माहीत नसतं : ६ गेल्या. पावसाची सुट्टी, शाळेची दिंडी, दिंडीची तयारी आणि दिंडीत भिजलेल्या मुलांची दुसऱ्या दिवशीची गैरहजेरी : ४. स्वातंत्र्यदिनाची लेझीम, जिच्या सरावासाठी क्रीडाशिक्षक नेमकी तुमचीच तासिका मागतात, कारण 'गणिताचं काय, कधीही होतं' : ५. गणपती : ४, आणि तुम्ही कोकणात असाल तर हा आकडा तोंडानं सांगू नका. घटक चाचणी आणि तिचे पेपर वर्गात बसून तपासणं : ४. प्रशिक्षण, ज्यात मुलांना जास्त वेळ कसा द्यावा हे सांगायला तुम्हाला मुलांपासून पाच तासिका दूर नेतात : ५. कबड्डीच्या स्पर्धा, अर्धा वर्ग मैदानात आणि उरलेला खिडकीत : ४. शिक्षकदिन, ज्या दिवशी दहावीचा एक मुलगा तुमची तासिका घेतो आणि वर्ग तुमच्यापेक्षा शांत राहतो : १. सत्र परीक्षा : ६.

मतदार याद्यांसाठी आणखी ६ काढा. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं की शिक्षकांना अशैक्षणिक कामं देऊ नयेत. अपवाद फक्त तीन, दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. फक्त तीनच आहेत म्हणून हुरळून जाऊ नका. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका, विधानसभा, लोकसभा हे सगळं त्यातल्या एकाच शब्दात बसतं. २०२४ साली लोकसभेनं उन्हाळा घेतला आणि विधानसभेनं नोव्हेंबर.

बेरीज ४५. पन्नासातून पंचेचाळीस गेले. राहिल्या ५.

आता घाबरायचं नाही. तुम्ही बीजगणिताचे शिक्षक आहात, आणि हे कोडं तुमच्या विषयात फार पूर्वी सुटलेलं आहे. भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'त एक माकडांचा कळप आहे. कळपाच्या पाचव्या हिश्शातून तीन वजा करून त्याचा वर्ग केला, तेवढी माकडं गुहेत गेली. एक फांदीवर बसलेलं दिसतंय. तर एकूण माकडं किती? समीकरण मांडलं की दोन उत्तरं येतात : ५० आणि ५. भास्कराचार्यांनी ५ नाकारलं. पाचाचा पाचवा हिस्सा एक, त्यातून तीन गेले की ऋण दोन उरतात, आणि ऋण राशी लोकांना पटत नाहीत, असं त्यांनी कारण दिलं.

तुम्हीही तेच करा. दोन्ही उत्तरं समीकरणाला पटतात. लोकांना पटतं ते ५०.

३. 'पूर्वज्ञान' हा शब्द जपून वापरा.

पाठ टाचणात हा रकाना येतोच. तिथे लिहायचं : 'विद्यार्थ्यांना अपूर्णांकांवरील चार मूलभूत क्रिया येतात.' मग वर्गात जाऊन फळ्यावर एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश लिहा. दोन पंचमांश असं उत्तर एका सुरात येईल. त्या एकोप्याचं कौतुक वाटू द्या; वर्गात इतकं एकमत पुन्हा वर्षभर दिसणार नाही.

बी.एड.च्या शिस्तीत पूर्वज्ञानावर चार प्रश्न विचारायचे, पाचवा असा विचारायचा की कुणालाच येऊ नये, आणि मग हेतुकथन करायचं : 'तर मुलांनो, आज आपण बहुपदींचा अभ्यास करूया.' तुमच्या वर्गात पहिलाच प्रश्न पाचवा ठरतो. हेतुकथन लवकर होतं, हा फायदा धरा.

यात दोष कुणाचा, हे शोधायच्या भानगडीत पडू नका. नववीचे शिक्षक आठवीच्या शिक्षकांकडे बघतात, आठवीचे सातवीच्या, आणि हे बोट फिरत फिरत अंगणवाडीच्या ताईंपर्यंत जातं, ज्यांचं मानधन सगळ्यात कमी. 'असर'च्या २०२३ च्या पाहणीत १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलांपैकी तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागणं जमलं ते ४३ टक्क्यांच्या आसपास मुलांना. तुम्हाला मात्र ऑगस्टमध्ये बहुपदीला बहुपदीनं भागायचं आहे. नियोजनात भागाकाराला तीन तासिका द्या. उपघटक म्हणून 'साधा भागाकार' लिहू नका. तो तिसरी-चौथीत शिकवून झाला आहे, तशी नोंद आहे.

४. 'संच' जूनमध्ये संपवा.

जूनमध्ये निम्म्या मुलांकडे पुस्तक नसतं, आणि संचाला ते लागतही नाही. फळ्यावर दोन वर्तुळं काढा : शाळेत येणारी मुलं आणि क्लासला जाणारी मुलं. छेद संच मुलांनाच रंगवू द्या. त्यातल्या दोघांना विचारलं तर कळेल की क्लासमध्ये 'वास्तव संख्या' उन्हाळ्यातच झाल्या, आणि तुम्ही उगीच मागे आहात.

इथे एक खास सूचना. क्लासचं वेळापत्रक मिळवा. खऱ्या अर्थानं वार्षिक नियोजन तेच असतं. तिथे पालक रोख पैसे मोजतात, म्हणून तिथे घटक वेळेवर पूर्ण होतात. तुम्ही दोन प्रकरणं मागून चाला. म्हणजे तुम्ही प्रश्न विचारला की पुढच्या बाकावरून ताबडतोब उत्तर येईल आणि पर्यवेक्षक दारातून जात असतील तर 'अध्यापन परिणामकारक' असा शेरा पडेल. मागच्या तीन बाकांवरची मुलं क्लासला जात नाहीत. ती दारातून दिसत नाहीत.

५. भाषा कोणती, ते एकदाच ठरवा.

तुमची तुकडी सेमी-इंग्रजी आहे. म्हणजे इतिहास मराठीत, बीजगणित इंग्रजीत, आणि समजावणं जे तोंडाला येईल त्यात. 'लिनिअर इक्वेशन इन टू व्हेरिएबल्स म्हणजे दोन चलांतील रेषीय समीकरण' असं एकदा म्हणून टाका; दोन्हीकडून कळलं नाही की हिशेब बरोबरीत सुटतो. 'चल' हा शब्द उच्चारल्यावर मागच्या बाकावरचा एक जण दप्तर उचलेल. दरवर्षी उचलतो. हसू द्या.

आमच्या वेळी अज्ञात राशीला क्ष म्हणत. आता एक्स. भास्कराचार्य पहिल्या अज्ञाताला 'यावत्तावत्' म्हणत, आणि पुढच्यांना रंगांची नावं देत : कालक, नीलक, पीतक. काळा, निळा, पिवळा. मी एकदा वर्गात एक्स आणि वायऐवजी निळा आणि पिवळा घेऊन समीकरण सोडवलं. दोन निळे आणि तीन पिवळे मिळून बारा. मागच्या तीन बाकांनी ते सोडवलं, क्लासवाल्यांनी विचारलं की हे परीक्षेला चालेल का, आणि संध्याकाळी एका पालकांचा फोन आला. तुम्ही हा प्रयोग करू नका. बीजगणित रंगांशिवायच गंभीर दिसतं.

जाता जाता : चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात नोंद आहे की भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला. मठाला इनामं मिळाल्याचा तपशील दगडावर आहे. वार्षिक नियोजनाचा दगड अजून सापडलेला नाही.

६. 'अर्थनियोजना'त स्वतःचं उदाहरण द्या.

या प्रकरणात प्राप्तिकर काढायचा असतो. अडचण एवढीच की पुस्तक २०१७ चं आणि अर्थसंकल्प दर फेब्रुवारीचा. २०२० मध्ये नवी करप्रणाली आली. २०२५ च्या अर्थसंकल्पानं त्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या पगारावर कर उरू दिला नाही. त्यामुळे पुस्तकातल्या ज्या सद्गृहस्थाचा कर मुलं घाम गाळून काढतात, त्याला तो आता भरावा लागत नाही. त्याला कुणी कळवलेलं नाही.

तुम्ही शिक्षणसेवक आहात. माध्यमिकचं मानधन दरमहा १८,०००, वर्षाचे २,१६,०००. जुन्या कोष्टकात कर शून्य, नव्यातही शून्य. हे उदाहरण पुढची तीन वर्षं बदलावं लागत नाही.

७. शैक्षणिक साहित्य : 'तक्ता' लिहा.

प्रत्येक ओळीत. तक्ता प्रत्यक्षात असलाच पाहिजे असं नाही, पण एक तरी करून खुंटीला लावा. दहावीला कधी संभाव्यता शिकवायची वेळ आली आणि खरोखरच्या पत्त्यांचा जोड वर्गात नेण्याचा मोह झाला, तर आधी मुख्याध्यापकांना सांगा. मी सांगितलं नव्हतं. ५२ पत्त्यांतून बदामाचा राजा निघण्याची संभाव्यता एक छेद ५२. तो निघाल्यावर मुलं आरडाओरडा करत असताना नेमके संस्थेचे अध्यक्ष दारात येण्याची संभाव्यता त्याहून बरीच जास्त असते.

२२ डिसेंबरला, रामानुजन यांच्या जन्मदिनी, राष्ट्रीय गणित दिवस असतो. त्या दिवशी गणिताची तासिका होत नाही. भाषणं होतात.

८. शेवटचा रकाना : शेरा.

मार्चअखेरीस तो एका बैठकीत भरा. शाई एकसारखी दिसू नये म्हणून तीन पेनं वापरा. 'घटक पूर्ण', 'घटक पूर्ण', 'सराव घेतला', 'घटक पूर्ण'. सांख्यिकीपुढे 'उजळणी' लिहा. जे शिकवलं नाही त्याची उजळणी सर्वांत सुटसुटीत होते. मग वही सहीला द्या. ती जूनमध्ये परत येईल. वर्ष बदला, तारखा खोडा, दिवाळी सरकवा.

आणि एक गोष्ट कधीतरी घडेल, तिची तयारी असू द्या. एखाद्या शुक्रवारी साडेपाचला सगळा वर्ग क्लासकडे पळालेला असेल आणि मागच्या बाकावरचा एक जण फळ्याजवळ रेंगाळत विचारेल : 'सर, ऋण गुणिले ऋण धन कसं काय?' नियम सातवीपासून त्याला पाठ आहे. कसं काय ते हवंय. तुम्ही 'उद्या' म्हणू शकता. उद्या शनिवार, अर्धी शाळा, तुमची तासिका नाही. किंवा खडू घ्या. ऋण तीन गुणिले दोन, ऋण सहा. गुणिले एक, ऋण तीन. गुणिले शून्य, शून्य. दर पायरीला उत्तर तीननं वाढतंय हे त्यालाच बघू द्या, आणि पुढची ओळ त्याच्या हातानं लिहू द्या. बारा मिनिटं लागतात. पावणेसहाची एसटी जाते, पुढची सव्वासातला.

या तासिकेला क्रमांक नाही, टाचण नाही, पन्नासात ती धरलेली नाही. वहीत नोंदवू नका. पर्यवेक्षक विचारतील की जादा तासाची परवानगी कुणाकडून घेतली.