सेट, अपसेट आणि सेटिंग

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशाच्या 1989च्या आवृत्तीत सगळ्यात जास्त जागा अडवून बसलेला शब्द होता ‘सेट’. एकट्या क्रियापदाचे चारशेवर अर्थ आणि ते सांगायला सुमारे 60 हजार शब्द. तेवढ्यात आपल्याकडे कादंबरी होते, प्रकाशन समारंभही उरकतो. पुढे ‘रन’नं त्याला मागं टाकलं. पीटर गिलिव्हर नावाचे कोशकार नऊ महिने त्या एका शब्दाशी झुंजले आणि 645 अर्थ घेऊन उठले. आम्हाला हा निकाल अमान्य आहे. ‘सेट’चे अर्थ मोजताना ऑक्सफर्डनं महाराष्ट्र धरलेला नाही.

आपल्याकडे केस सेट होतात, मोत्यांचा सेट लॉकरमधून निघतो, फलंदाज सेट झाला म्हणेपर्यंत बाद होतो. पूर्वी दही लागायचं आणि वडी पडायची. आता रेसिपीच्या व्हिडिओत दोन्ही ‘सेट व्हायला’ फ्रिजमध्ये जातात, आणि तिथं बिघडली तरी सेट न झाल्याचाच ठपका, सुगरणीच्या अंगाला काही लागत नाही. सेट टॉप बॉक्सची तऱ्हा आणखी वेगळी. टीव्ही इतका चपटा झाला की त्याच्यावर काही ठेवायला ‘टॉप’च उरलेला नाही, नाव मात्र टिकून आहे. सरकारी नावांचं असंच असतं.

कुळाच्या बाबतीत हा शब्द परका नाही. ‘सिट’ म्हणजे बसणं, ‘सेट’ म्हणजे बसवणं, आणि दोघांचं मूळ संस्कृत ‘सद्’ धातूच्याच घराण्यातलं. म्हणजे संसद, परिषद, सभासद ही सगळी सेटची चुलत भावंडं. एकत्र बसण्यासाठी निघालेली ही मंडळी पुढं नेमकं काय सेट करतात, ते घराण्याच्या इतिहासात येत नाही.

मराठी ‘बसणं’ही काही कमी नाही. आपण गणपती बसवतो, नाटक बसवतो, कवळी बसवतो, गाणाऱ्याचा आवाज मात्र आपोआप बसतो. जम बसला की पेढे, आणि त्याच माणसाचा धंदा बसला की सावकार दारात. एकाच क्रियापदात उभारणी आणि पडझड दोन्ही. इंग्रजीला त्यासाठी ‘अप’ जोडावा लागला, आणि तिथंही घोळ झालाच. पंधराव्या शतकात ‘अपसेट’ म्हणजे उभं करणं, आज उलथणं. जुना अर्थ पुरता मेलेला नाही. थकबाकीदाराची जमीन लिलावाला निघते तेव्हा ‘अपसेट प्राइस’ ठरते, म्हणजे जिच्या खाली बोली घेत नाहीत ती रक्कम. वाळूघाटाच्या लिलावात तिलाच ‘हातची किंमत’ म्हणतात. जमिनीच्या लिलावात अपसेट कोण होतं हे सांगायला कोश लागत नाही. वाळूच्या लिलावात सहसा कुणी होत नाही, कारण तिथं सगळं आधीच सेट असतं.

इथून आपण ‘सेटिंग’कडे येतो. या शब्दाच्या समानार्थी शब्दांत मराठीइतकी श्रीमंत भाषा विरळा. साटंलोटं मुळात दोन घरांनी एकमेकांच्या मुली करण्याचं, म्हणून त्यात अजून सोयरिकीचा ओलावा आहे आणि ते युतीच्या बातम्यांत शोभतं. मांडवली मुंबईची, तिला भाईगिरीचा वास. तोडपाणी गावातलं, रकमेशिवाय होत नाही. संगनमत हा शब्द फक्त आरोपपत्रात राहतो. ‘मॅनेज’ त्यातल्या त्यात सभ्य, इस्त्रीचा शर्ट घालून येतो. विरुद्धार्थी शब्द म्हणाल तर ‘नियमानुसार’. तोही हल्ली सेटिंग झाल्यावरच वापरतात.

या भानगडीत खरा अडकलाय तो सेट पास झालेला माणूस. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची ही परीक्षा पुणे विद्यापीठ घेतं. सहायक प्राध्यापक व्हायला पात्र आहात, एवढं ती सांगते. पात्र हातात येतं, त्यात वाढणारं कुणी नसतं. मग तासिका तत्त्वावर. जितके तास, तितके पैसे. सुट्टी लागली की शिकवणारा घरी आणि मानधनही घरी यायचं थांबतं. कायम जागेची जाहिरात आली, तर मुलाखतीआधीच चहाच्या टपरीवर कळतं की जागा ‘सेट’ आहे. ती कितीला सेट झाली, याचा आकडा टपरीवाल्याकडेही असतो. शाळेतल्या गुरुजींचंही सुख वेगळं नाही. तिकडे सेटला ‘संच’ म्हणतात, आणि दरवर्षी संचमान्यता आली की पटावरची मुलं मोजत कोण अतिरिक्त ठरतो याचा घोर लागतो.

सिमेंटचं बरं आहे. भारतीय मानकाप्रमाणे साध्या पोर्टलँड सिमेंटनं 30 मिनिटांच्या आत सेट व्हायला सुरुवात करायची नाही आणि 600 मिनिटांच्या पुढं रेंगाळायचं नाही. पोत्याला दहा तासांची मुदत आहे. त्या पोत्यांनी बांधलेल्या महाविद्यालयात जो शिकवतो, त्याला कुठलंच मानक लागू नाही. चाळिशी उलटली तरी तो ‘नवोदित’.

तेव्हा स्थळ पाहायला जाल आणि ‘मुलगा सेट आहे ना?’ विचाराल, तर आधी ठरवून जा. परीक्षा विचारायची असेल तर प्रमाणपत्र मागा, नोकरी विचारायची असेल तर पगाराची पावती मागा. तिसऱ्या प्रकारचं विचारायचं असेल तर मुलाशी बोलू नका, संस्थेत त्याचे मामा कोण आहेत तेवढं विचारा.