सान्नेसहून: सगळे खुशाल, लोकर जास्त

सान्नेस, नॉर्वे

ती. आई व ती. बाबा यांना,


इकडे सगळे मजेत आहेत. मागच्या पत्राच्या वेळी जो पाऊस लागला होता, तोच अजून चालू आहे. मध्ये एक रविवार उघडला, तेव्हा शेजारपाजारचे लोक अंगणात खुर्च्या टाकून उन्हाकडे तोंड करून बसले आणि तुमच्या चिरंजीवांनी संधी साधून गाद्या बाहेर काढल्या. त्या आता पुढचा रविवार उघडण्याची वाट पाहत आहेत. सूनबाईंचा खोकला गेला, नातवाचे पुढचे दोन दात पडून नवे आले. एवढं सोडलं तर कळवण्याजोगी बातमी एकच: घरात लोकर फार झाली आहे.

बाबांना नकाशा लागतोच, म्हणून आधी ठिकाण. २०२५ च्या जूनमध्ये जिथे बुद्धिबळात गुकेशने कार्लसनला हरवलं आणि कार्लसनने टेबलावर मूठ आपटली, ते स्टॅव्हँगर. तिथून आगगाडीने दक्षिणेला पाव तासावर सान्नेस. स्टॅव्हँगर तेलाचं, सान्नेस लोकरीचं. इथला लोकरीचा कारखाना १८८८ सालचा, आणि ‘सान्नेस गार्न’चे गुंडे देशभर कुठल्याही दुकानात मिळतात. निळा-पांढरा-तांबडा असा जो स्वेटर घातल्याशिवाय इथे कुणाचा बर्फातला फोटो निघत नाही, तो ‘मारियस’. उन् सॉइलँड नावाच्या बाईंनी तो १९५३ साली बेतला आणि नमुना याच कारखान्याला विकला. अशा गावात राहून सुई हातात न घेणं म्हणजे कोल्हापुरात राहून रश्श्याला नाही म्हणणं. तरी सूनबाईंनी बरीच वर्षं तग धरला.

त्यांचा विणकामाचा पूर्वानुभव तुम्हाला ठाऊकच आहे. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला सुरू केलेला मफलर वीतभर झाल्यावर घरी आला आणि तो त्यांच्या आईंनी पुरा केला. गुण मात्र सूनबाईंना मिळाले. इथे शेजारच्या आजीबाईंनी ही कहाणी ऐकून घेतली आणि स्वेटर, मफलर यांचं नावही न काढता सांगितलं, की सुरुवात ओट्याच्या फडक्यापासून करायची.

हो, फडक्यापासून. आईंचा चेहरा इथून दिसतो आहे. कराडच्या घरात बाबांचा बनियन निवृत्त झाला की त्याचं पुसणं होतं, त्यासाठी कुणी महिनाभर विणत बसत नाही. इथे मात्र भांडी घासायची आणि ओटा पुसायची फडकी हाताने विणतात, आणि कुणाकडे जेवायला जाताना दोन फडकी आणि एक साबणाची वडी फीत बांधून भेट नेतात. धागा शुद्ध सुताचा; तो पाणी शोषतो आणि साठ अंशांच्या गरम पाण्यात धुतला तरी कुरकुर करत नाही. अ‍ॅक्रिलिक स्वस्त पडतं, रंगही झकपक, पण ते पाणी पीत नाही. सगळ्या ओळी सुलट टाक्याने विणल्या की कापडावर आडवे कंगोरे उठतात, ते खरकटं खरवडायला कामी येतात. ओटा पुसण्यामागे एवढा विचार असतो, हे तुमच्या चिरंजीवांना त्या दिवशी प्रथम कळलं. ओटा पुसावा लागतो, हेही बहुधा त्याच दिवशी.

पहिलं फडकं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं, आणि तिन्ही ओव्हनच्या दांड्यावर टांगली गेली. इतकं जिवापाड विणलेलं कापड सांडलेल्या आमटीवर टाकायला कुणाचा हात होईना. ओटा जुन्या टीशर्टनेच पुसला जात होता. शेवटी आजीबाई कॉफीला आल्या, त्यांच्या हातून थेंब सांडला आणि त्यांनी सरळ दांड्यावरचं फडकं ओढून पुसला. घरात क्षणभर सुतकी शांतता पसरली. मग फडकं धुतलं, वाळलं, होतं तसंच राहिलं, आणि तेव्हापासून तिन्ही वापरात आली.

आईंनी फोनवर विचारलं होतं, सुया कुठल्या नंबरच्या? उत्तर द्यायला वेळ लागला, कारण इथे नंबर नाहीतच, मिलिमीटर आहेत. आपल्याकडच्या सुयांना जुनी ब्रिटिश मोजणी आहे, ती उलटी चालते: नंबर मोठा तशी सुई बारीक. आठ नंबरची सुई म्हणजे ४ मिलिमीटर, दहाची ३.२५, अकराची ३. फडक्यांच्या बारीक सुताला ३ मिलिमीटरची सुई लागते, म्हणजे आईंची अकरा नंबर. आता हे कोष्टक फ्रिजवर चिकटवलं आहे, विसर्जनाच्या वेळापत्रकाशेजारी.

फडक्यांनंतर गरम भांडी धरायची पॅड्स आली. इथे अ‍ॅक्रिलिक नुसतं गैरसोयीचं नाही, धोक्याचं आहे. तापल्या तव्याला लागलं की ते वितळतं आणि हाताला चिकटतं. म्हणून लोकर, तीही आटवून. चांगली मोठी ढगळ पट्टी विणायची आणि कपड्यांच्या यंत्रात गरम पाण्यात मुद्दाम घालायची. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर खवले असतात. गरम पाणी, साबण आणि आदळआपट मिळाली की ते एकमेकांत अडकतात आणि कापड आटून, जाड होऊन बाहेर येतं. टाकासुद्धा ओळखू येत नाही. मात्र गुंड्यावर ‘सुपरवॉश’ लिहिलेलं असेल तर कितीही उकळा, ती आटत नाही, कारण त्या लोकरीचे खवले आधीच गुळगुळीत करून टाकलेले असतात. अशा पॅडने गणपतीत मोदकपात्राचं झाकण बिनधास्त उचलता येतं. फक्त ते कोरडं हवं. ओल्या पॅडमधून वाफेचा चटका थेट बोटांपर्यंत येतो.

नातवालाही लागण झाली आहे. इथल्या शाळांत हस्तकला मुलगे आणि मुली दोघांनाही असते. त्याने कपाखाली ठेवायच्या चौकोनी चकत्यांचा कारखाना काढला आहे आणि आता घरात कपांपेक्षा चकत्या जास्त आहेत. नातीला गोळे हवे होते. आर्ने आणि कार्लोस हे दोन विणकर वाल्ड्रेस भागात एका जुन्या रेल्वे स्थानकात राहतात. त्यांनी नाताळच्या झाडाला टांगायच्या विणलेल्या गोळ्यांचं पुस्तक काढलं, पंचावन्न नमुन्यांचं, आणि ते जगभर गेलं. त्यांत रेनडिअर आहेत, हिमकण आहेत. नातीने मागणी केली उंदीरमामाची. चौकटीच्या कागदावर उंदीर काढला तो विणल्यावर बोक्यासारखा दिसला. मखराला तो तसाच टांगला आहे. आरतीच्या वेळी बाप्पाच्या डोक्यावर गरगर फिरतो.

बाबा म्हणतील, सगळा देशच रिकामटेकडा दिसतो. तर ऐका: इथल्या सरकारी वाहिनीने १ नोव्हेंबर २०१३ रोजी मेंढी कातरण्यापासून स्वेटर पुरा होईपर्यंतचं सगळं थेट दाखवलं, रात्रभर. विश्वविक्रम मोडायचा होता, तो मोडला नाही. लोक तरी बघत बसले. मालिकांमधल्या सासवांपेक्षा मेंढी निदान काहीतरी देऊन जाते, हे सूनबाईंचं मत. (आईंनी मनावर घेऊ नये.)

इथवर सगळं गोड होतं. खरा पेच साठवणुकीचा. फडकं विणून झालं की गुंड्यातला थोडा धागा उरतो. तेवढ्यात दुसरं फडकं होत नाही, आणि टाकून द्यायचा म्हटला तर मध्यमवर्गीय संस्कार आडवे येतात. मग दोन रंगांचं फडकं करायचं ठरतं, त्यासाठी जुळणारा एक नवा गुंडा आणावा लागतो, आणि त्यातूनही थोडा उरतो. उरलेलं संपवायला आणायचं आणि आणलेलं उरवायचं, हे चक्र थांबत नाही. सोफ्याखाली, बुटांच्या कपाटात, पाहुण्यांच्या खोलीतल्या पलंगाच्या पोटात, सगळीकडे गुंडे. डॅनिश बिस्किटांचा निळा डबा कुणी उघडला तर बिस्किट निघत नाही, हा नियम तर जागतिकच आहे.

शेवटी चिरंजीवांनी सूत्रं हातात घेतली. समुद्रातल्या तेलविहिरींच्या सुट्या भागांची नोंद ठेवणारा माणूस. त्यांनी घरच्या मालाची गणती काढली. सूनबाईंनी गुंडे रंगाप्रमाणे लावले होते, इंद्रधनुष्यासारखे, बघायला सुरेख. चिरंजीवांनी ते मोडून धाग्याच्या जाडीप्रमाणे आणि जातीप्रमाणे लावले. दोन दिवस घरात बोलणं कमी होतं. पण इथे न्याय चिरंजीवांच्या बाजूने द्यावा लागेल: विणायला बसल्यावर पहिला प्रश्न रंगाचा नसतो, ही सुई या धाग्याला चालेल का, हा असतो. आणि सूत लोकरीत मिसळलं की धुण्यात एक आटतं, दुसरं नाही, आणि फडक्याचा कान वाकडा होतो.

त्यांची दुसरी सुधारणा कागदी पट्ट्यांची. प्रत्येक गुंड्याच्या पट्टीवर रंगाच्या क्रमांकाखेरीज रंगवणीच्या घाण्याचा क्रमांक असतो. रंग तोच, घाणा वेगळा, की छटा किंचित बदलते. दुकानातल्या दिव्यात ती कळत नाही, खिडकीच्या उजेडात डोळ्यांत खुपते. म्हणून आता पट्टी गुंड्याच्या पोटात खोचायची, फेकायची नाही. तिसरी सुधारणा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याची. फडक्यांच्या सुताचा पन्नास ग्रॅमचा गुंडा साधारण १८० मीटर भरतो, म्हणजे ग्रॅमला साडेतीन मीटरच्या वर. उरलेला तुकडा काट्यावर ठेवला की त्यात चकती होते, गोळा होतो की काहीच होत नाही, ते लगेच कळतं. दहा ग्रॅमच्या खालचं सगळं एका बरणीत जातं, आणि त्याचं पुढे नातीच्या उशीत भरण होतं. हा सगळा हिशेब संगणकावरच्या तक्त्यात आहे. त्यात एक रकाना ‘का घेतलं?’ असा आहे. सूनबाई तो कोरा ठेवतात.

सुयांचं मात्र अजून जमलेलं नाही. गोल विणायच्या दुटोकी सुया पाचाच्या संचात येतात, आणि पाचवी सुई जागेवर सापडत नाही. ती चिरंजीवांच्या कुंडीत गुलाबाला आधार देताना आढळली आहे.

आता घोंगडीबद्दल. बाबांनी निघताना बांधून दिलेली ती दख्खनी मेंढीची, चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी सुखरूप आहे. थंडीत चौघं तिच्याखाली बसतात. मध्ये कपाटात एक पतंग उडताना दिसला आणि घरभर धावपळ झाली. कसर लोकर खाते, सुताला सहसा शिवत नाही, आणि तेलाचा किंवा जेवणाचा डाग असलेली लोकर तिला जास्त आवडते. म्हणून स्वच्छ धुतल्याशिवाय काही ठेवायचं नाही, हा पहिला उपाय. दुसरा, पिशवीत हवाबंद करून फ्रीझरमध्ये उणे अठरा अंशांत दोन आठवडे. आपल्या डांबरगोळ्या इथल्या दुकानांत दिसत नाहीत. तेव्हा सध्या फ्रीझरमध्ये ओल्या नारळाच्या पिशव्या, कढीपत्ता, पुरणाचा डबा आणि चार किलो लोकर गुण्यागोविंदाने राहतात. नारळ समजून राखी रंगाचा गुंडा एकदा मिक्सरच्या भांड्यापर्यंत पोहोचला होता, नातीने वेळेवर ओरडून वाचवला.

उन्हाळ्यात येणार, हे वाचून सगळ्यांना आनंद झाला. पाहुण्यांच्या खोलीतले गुंडे तोवर हलवतोच, असं चिरंजीव म्हणतात. कुठे, ते त्यांनी सांगितलेलं नाही. येताना लोकर आणू नका, सवलतीत मिळाली तरी नको, कुणी फुकट दिली तरी नको. आईंच्या पेटीतल्या अकरा नंबरच्या सुयांची एक जोडी तेवढी आणा, आणि ती विमानात हातात न ठेवता मोठ्या बॅगेत टाका. तूप, खवा, पेढे यांचा मोह टाळा. युरोपाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला नॉर्वेत दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. भाजणी आणि मेतकूट चालतं. त्यातही भाजणी जास्त घाला.

आपली,
सान्नेसची मंडळी